ज्वारीच्या जनुकांचा डेटाबेस तयार आहे, पण संशोधक नोंदी भरत नाहीत. काय बदलावं?

कणीस_३५

नमस्कार मंडळी. ज्वारीची जनुकं, क्यूटीएल (एखाद्या गुणाशी जोडलेले जीनोमचे पट्टे) आणि वाण यांचा एक छोटा डेटाबेस आहे. त्यामागे बळ दीड माणसाचं: एक पूर्णवेळ क्युरेटर (नोंदी तपासून नीट लावणारा) आणि सर्व्हर बघणारा अर्धवेळ. शोध नीट चालतो, पानं वेगाने उघडतात. अडतंय ते आउटरीचमध्ये. सध्या असं चाललंय:

१. दर तीन महिन्यांनी ज्वारीवर लिहिणाऱ्या सगळ्या लेखकांना एकच मेल जातो, ‘आपली माहिती आमच्या डेटाबेसमध्ये भरा’. उत्तरं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी.
२. कृषी विद्यापीठांत कार्यशाळा होतात, हॉल भरतो, त्यानंतर एकही नोंद येत नाही.
३. ज्या येतात त्या दुरुस्त करायला मूळ पेपर वाचण्याइतकाच वेळ जातो.

नोंदीच्या फॉर्ममध्ये ३२ रकाने आहेत आणि लॉगिन सक्तीचं आहे. मेल कधी, कोणाला, कसा पाठवावा? कार्यशाळेचा आराखडा काय असावा? आणि यातलं किती लेखकांवर सोडावं, किती स्वतःकडे ठेवावं?

---

पुराव्याचा_रकाना

तिमाही मेल आधी बंद करा. ज्याचा पेपर चार वर्षांपूर्वी आला त्याला आज ‘माहिती भरा’ म्हटलं तर तो कुठून भरणार? डेटा विद्यार्थ्याकडे होता आणि विद्यार्थी केव्हाच पास होऊन गेला. पेपर छापून आला की पहिले दोन-तीन आठवडे लेखकाला आकृती क्रमांकासकट सगळं तोंडपाठ असतं. मेल तेव्हाच गेला पाहिजे, आणि तो त्या एका पेपरबद्दल असला पाहिजे.

फ्लायबेस (फळमाशीच्या जनुकांचा डेटाबेस) नेमकं हेच करतो. नव्या पेपरच्या संपर्क-लेखकाला आपोआप मेल जातो. त्यात दोनच गोष्टी मागतात: कोणत्या जनुकांवर काम केलं आणि पेपरमध्ये कोणत्या प्रकारचा डेटा आहे. बाकीचं तपशीलवार काम क्युरेटर करतात. २०१२ मध्ये त्यांनी याचा हिशेब मांडला तेव्हा प्रतिसाद ४४ टक्के होता. पोमबेसवाले (फिशन यीस्ट या बुरशीचा डेटाबेस) याच्या पुढे जातात. त्यांच्या कॅन्टो या साधनात लेखक स्वतःच पूर्ण नोंद करतो, जनुक, जीनोटाइप (जनुकीय रचना), फेनोटाइप (दिसणारा गुण), पुरावा असं सगळं, आणि क्युरेटर ती तपासूनच पुढे सोडतो. पण फिशन यीस्टची मंडळी मोजकी आणि एकमेकांना ओळखणारी आहेत. ज्वारीत रेणुजीवशास्त्रज्ञापासून पैदासकारापर्यंत सगळे येतात, म्हणून सुरुवात फ्लायबेसच्या पद्धतीने करा.

आता कृती.

दर सोमवारी पबमेडवर (शोधनिबंधांच्या मोफत सूचीवर) आपोआप शोध चालवा. पबमेडच्या ई-युटिलिटीजना (प्रोग्रॅममधून शोध चालवायच्या सोयीला) किल्लीशिवाय सेकंदाला ३ विनंत्या चालतात, किल्ली घेतली तर १०. तुम्हाला ३ सुद्धा पुष्कळ. नुसतं ‘सॉर्गम’ शोधाल तर मुरघास, इथेनॉल आणि भाकरीच्या पिठाचे पेपर ढिगाने येतील, तेव्हा जनुक, म्यूटंट, क्यूटीएल, जीवास (सगळ्या जीनोमभर गुणाशी संबंध शोधणारा अभ्यास) हे शब्द जोडा आणि उरलेली यादी माणसाने डोळ्यांखालून घाला. अर्धा तास लागतो, पण चुकीच्या माणसाला मेल जात नाही. संपर्क-लेखकाचा पत्ता बहुधा पबमेडच्या संलग्नतेच्या ओळीतच सापडतो.

जनुकांचे क्रमांक सारांशात क्वचितच असतात. ते पूर्ण मजकुरात किंवा पुरवणी तक्त्यात असतात, म्हणून युरोप पीएमसीवर (पूर्ण पेपरांच्या खुल्या साठ्यावर) खुला पेपर मिळाला तर तिथून काढा. ही यादी मेलमध्ये आधीच भरलेली हवी. कोऱ्या फॉर्मपुढे माणूस थबकतो. चुकलेली यादी दिसली की मात्र दुरुस्त केल्याशिवाय त्याला राहवत नाही.

मेल इंग्रजीतच जाईल, पण गाभा साधारण असा:

> विषय: आपल्या नव्या पेपरमधली ज्वारीची ३ जनुकं, खात्री कराल का?
>
> आपल्या [शीर्षक] या पेपरमध्ये आम्हाला ही जनुकं दिसली: … बरोबर असतील तर ‘बरोबर’ दाबा, नसतील तर बदला. पुढे डेटाच्या प्रकारावर खूण करा. लॉगिन लागत नाही. हे काम पहिल्या लेखकाने केलं असेल तर हाच दुवा त्यांच्याकडे पाठवू शकता.

शेवटचं वाक्य वगळू नका. संपर्क-लेखक म्हणजे बहुतेक वेळा प्रयोगशाळेचे प्रमुख, आणि तक्ते भरलेले असतात विद्यार्थ्याने. कॅन्टोमध्ये सत्र (एका पेपरची भरायची नोंद) दुसऱ्याच्या नावावर करायची सोय याचसाठी आहे.

दोन आठवड्यांनी एक आठवण करून द्या आणि तिथे थांबा. तिसरा मेल गेला की तुमचा पत्ता स्पॅममध्ये जमा. आणि पेपरबद्दल मेल पाठवला म्हणून त्या माणसाचं नाव परस्पर वार्तापत्राच्या यादीत टाकू नका. त्या दोन वेगळ्या परवानग्या आहेत.

---

सर्व्हरचा_राखणदार

वरच्यात तांत्रिक भर घालतो, कारण हे सगळं इथेच फसतं.

‘बरोबर’ हे बटण असू द्या, नुसता दुवा नको. बऱ्याच संस्थांचा मेल-सर्व्हर येणाऱ्या मेलमधले दुवे सुरक्षेसाठी आधी स्वतःच उघडून बघतो. दुवा उघडताच खात्री झाल्याची नोंद होत असेल, तर लेखकाने मेल वाचण्याआधीच तुमच्याकडे ‘बरोबर’ जमा होईल. दुव्याने पान उघडावं, नोंद मात्र बटण दाबल्यावरच व्हावी.

दुव्यातली खूण-संख्या लांब आणि यादृच्छिक ठेवा, एका पेपरला एक, मुदत किमान ६० दिवस. पेपरचा पबमेड क्रमांक तसाच दुव्यात घातला, तर कोणीही आकडा बदलून दुसऱ्याच्या पेपरची नोंद उघडू शकेल.

डोमेनवर एसपीएफ आणि डीकेआयएम दोन्ही लावा, डीमार्कही (मेल खरोखर तुमच्याच डोमेनवरून आला हे पटवणाऱ्या या नोंदी). फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने हे नियम कडक केले आहेत. संस्थेच्या डोमेनवरून पाठवत असाल आणि वेब-सर्व्हर भलत्याच यंत्रावर असेल, तर त्या यंत्राचा आयपी एसपीएफच्या नोंदीत आहे का ते आधी बघा. नसेल तर मेल ‘गेला’ असं दिसतं, पण पोचत नाही. परत आलेल्या मेलांची पेटी दर आठवड्याला उघडा. ‘लोक उत्तर देत नाहीत’ ही तक्रार पुष्कळदा इथेच मिटते.

---

मालदांडी

तिसऱ्या मुद्द्याबद्दल, म्हणजे दुरुस्तीत जाणाऱ्या वेळाबद्दल. लेखक निष्काळजी असतात असं नाही. फॉर्म त्यांना चुकायला लावतो.

डीडब्ल्यू३ हे बुटकेपणाचं जनुक घ्या. २००९ च्या पहिल्या जीनोमच्या क्रमांकांत ते एसबी०७जी०२३७३० आहे, फायटोझोम या वनस्पती-जीनोमांच्या संकेतस्थळाच्या नव्या आवृत्तीत सोबिक.००७जी१६३८००, आणि एन्सेंबल प्लांट्स या तशाच दुसऱ्या संकेतस्थळावर सॉर्बी_३००७जी१६३८००. वर मक्याच्या बीआर२ चं ते समरूप, म्हणून एबीसीबी१ आणि पीजीपी१ याही नावांनी पेपरांत येतं. फॉर्मने यातलं काहीही स्वीकारावं आणि तिथल्या तिथे दाखवावं: ‘तुम्हाला हे जनुक म्हणायचंय का? गुणसूत्र ७, डीडब्ल्यू३.’ लेखकाने मान डोलावली की पुढे. आतमध्ये एकच क्रमांक साठवा, लेखकाने टाइप केलेलाही शेजारी जपून ठेवा. जुन्या एसबी क्रमांकांचं नव्याशी नातं दर वेळी एकास एक नसतं, काही जनुकं फुटली, काही जोडली गेली. तिथे आपोआप निर्णय नको, क्युरेटरकडे पाठवा.

दुसरी गंमत अक्षरांची. प्रबळ, उंच रूप मोठ्या अक्षराने लिहितात, अप्रबळ बुटकं रूप छोट्या अक्षराने. बुटक्या रूपात पाचव्या एक्झॉनमध्ये (जनुकाच्या प्रथिन ठरवणाऱ्या भागात) ८८२ बेसचा तुकडा दुबार आलेला असतो. फॉर्मने किंवा मोबाइलच्या कळफलकाने पहिलं अक्षर आपोआप मोठं केलं की म्यूटंटची नोंद धडधाकट रूपावर जाऊन बसते. त्या रकान्यात आपोआप अक्षर मोठं होणं बंद करा.

वाणांच्या नावांचंही तेच. एम ३५-१, एम-३५-१, एम३५१, मालदांडी ३५-१, सगळं एकच. बी३५ आणि बीटीएक्स६४२ हीसुद्धा एकच ओळ आहे, स्टे-ग्रीनच्या (दुष्काळातही पानं हिरवी राहण्याच्या गुणाच्या) पेपरांत दोन्ही नावं सापडतात. पर्यायी नावांचा तक्ता तुम्हीच करा, लेखकाकडून एका स्पेलिंगची अपेक्षा ठेवू नका.

एक्सेलच्या फायली मागवत असाल तर जपून. माणसाच्या जनुकांपैकी सेप्ट२ आणि मार्च१ यांच्या तारखा होत असत, म्हणून २०२० मध्ये नामकरण समितीने नावंच बदलून सेप्टिन२ आणि मार्चएफ१ केली. ज्वारीत हा धोका कमी, पण क्रमांकापुढची शून्यं उडणं, ‘३-५’ ची तारीख होणं हे रोजचं. साचा द्याल तेव्हा सगळे रकाने आधीच ‘मजकूर’ प्रकारचे करून द्या.

राहिला पुराव्याचा प्रकार. चूक सगळ्यात महाग पडते ती इथे. ड्रॉपडाउनमध्ये आयडीए, आयएमपी, आयएसएस अशी जीओची (जीन ऑन्टॉलॉजी, जनुकांच्या कामाची ठरलेली परिभाषा) संक्षेपं टाकली की लोक पहिला पर्याय निवडून मोकळे होतात. त्याऐवजी प्रश्न विचारा: ‘हे ज्वारीत थेट मोजलं? म्यूटंटवरून कळलं? की दुसऱ्या पिकातल्या सारख्या जनुकावरून मानलं?’ पहिल्याचं आयडीए, दुसऱ्याचं आयएमपी, तिसऱ्याचं आयएसएस, हे भाषांतर आत आपोआप होऊ द्या. मक्याच्या बीआर२ मध्ये मोजलेली ऑक्झिनची (वाढीच्या संप्रेरकाची) वाहतूक ज्वारीच्या पानावर ‘थेट मोजलं’ म्हणून चढली, की तिथून ती दहा ठिकाणी नकल होते आणि मग तिचा माग लागत नाही.

३२ रकान्यांपैकी लेखकासमोर सहा पुरेत: पेपर, जनुक, रूप किंवा वाण, काय दिसलं, कशावरून, ऑर्किड क्रमांक (संशोधकाची कायमची ओळख-संख्या). बाकीचे क्युरेटरचे.

---

खोडमाशी_निरीक्षक

पैदासकार आणि कीटकशास्त्रज्ञ यांच्यासाठी ही खिडकी वेगळी हवी. त्यांचा डेटा जनुकाचा नसतो, शेतातला असतो, आणि तो बऱ्याचदा अहवालातच राहतो, पेपर होतच नाही.

‘काय दिसलं’ या रकान्यात पैदासकार पोंगेमर, खडखड्या, चिकटा असं लिहील, आणि लिहू द्या. मागे क्रॉप ऑन्टॉलॉजी (पिकांच्या गुणांची ठरलेली परिभाषा) आहे, त्यात ज्वारीचा स्वतंत्र कोश आहे (सीओ_३२४). मराठी शब्दांची जोडणी एकदाच करा: पोंगेमर म्हणजे खोडमाशीमुळे मेलेल्या पोंग्यांची टक्केवारी, खडखड्या म्हणजे चारकोल रॉट (खोड कुजवणारा बुरशीजन्य रोग). यादी फार तर पन्नास शब्दांची होईल, एका दुपारचं काम.

पण पोंगेमरीच्या टक्केवारीसोबत उगवणीनंतर किती दिवसांनी मोजलं हे सक्तीचं ठेवा. १४ दिवसांची आणि २८ दिवसांची टक्केवारी एकाच रकान्यात मिसळली की प्रतिकारक वाण आणि उशिरा मोजलेला वाण यांत फरकच कळत नाही. तसंच हंगाम (खरीप की रब्बी), पेरणीची तारीख, पुनरावृत्ती किती. एवढं नसेल तर नोंद घेऊ नका, नम्रपणे परत पाठवा.

---

थेट_प्रश्न

जरा उलटं विचारतो. या पिकासाठी सॉर्गमबेस आधीच आहे, ग्रामीनच्या (गवतवर्गीय पिकांच्या जीनोमांच्या डेटाबेसच्या) पायावर उभा, अमेरिकेच्या कृषी खात्याच्या आधारावर. तुमच्या डेटाबेसमध्ये नोंद केल्याने लेखकाला असं काय मिळतं जे तिथे मिळत नाही? हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर मेलचा मजकूर कितीही घासून काही उपयोग नाही.

माझ्या मते उत्तर दोनच ठिकाणी असू शकतं: भारतीय वाणांचा शेतातला डेटा, जो बाहेर कोणाकडे नाही, आणि इथे भरलेली ओळ पुढे मोठ्या ठिकाणी पोचवण्याची हमी. दुसऱ्यासाठी जीओच्या ठरलेल्या स्वरूपात फाइल काढायची सोय करा. पेपर आणि प्रथिन यांची साधी जोडणी असेल तर तीही लागत नाही: युनिप्रॉटवर (प्रथिनांच्या जागतिक डेटाबेसवर) ऑर्किडने लॉगिन करून लेखक स्वतः आपला पेपर प्रथिनाच्या पानाला जोडू शकतो. आभाराच्या मेलमध्ये त्या पानाचा थेट दुवा द्या.

आणि अनुदान संपल्यावर काय? टेअरसारख्या अराबिडॉप्सिसच्या (प्रयोगशाळेतल्या नमुना-वनस्पतीच्या) मातब्बर डेटाबेसलाही एनएसएफचा (अमेरिकेच्या विज्ञान-निधी संस्थेचा) पैसा आटल्यावर वर्गणीवर जावं लागलं. दर आवृत्तीला सगळा डेटा झेनोडोवर (संशोधन-डेटाच्या मोफत साठ्यावर) ठेवून डीओआय (कायमचा उद्धृत करण्याजोगा क्रमांक) घ्या. आवृत्तीचा डीओआय असला की लेखकही पेपरमध्ये नेमकं काय उद्धृत करायचं ते विचारत बसत नाहीत.

---

कणीस_३५

सगळ्यांचे आभार. थेट_प्रश्न, दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. रब्बी वाणांचा डेटा हेच आमचं वेगळेपण आहे आणि नेमकं तेच मुख्यपानावर दिसत नाही. लॉगिन काढतो, रकाने सहावर आणतो.

कार्यशाळेचं मात्र अजून राहिलंय. आणि जर्नलांकडून काही होऊ शकतं का?

---

पुराव्याचा_रकाना

जर्नलचं आधी सांगतो, ते छोटं आहे. टेअरने २००८ पासून प्लांट फिजिऑलॉजीशी ठरवलं होतं की पेपर स्वीकारला की लेखकाने अराबिडॉप्सिसच्या जनुकांची कामं टेअरला कळवायची. त्याच वर्षी आरएनए बायोलॉजी या जर्नलने आरएफॅमसाठी (आरएनए-कुळांच्या डेटाबेससाठी) नवी आरएनए-कुळं मांडणाऱ्या लेखकांना विकिपीडियाचं पान लिहायला लावलं. ताकद आहे त्यात, पण संपादक तुमच्या बाजूचा हवा आणि फॉर्म दहा मिनिटांत संपणारा हवा. छोट्या डेटाबेसने देशातल्या एखाद्या पीक-पैदास जर्नलशी लेखकांच्या सूचनांमध्ये एक ओळ घालण्याबद्दल बोलावं, त्याहून जास्त मागू नये.

कार्यशाळा. हॉल भरतो तो प्रमाणपत्रासाठी, हे गृहीत धरून आखणी करा. दोनशेंचा हॉल नको, वीस-पंचवीस जण आणि ९० मिनिटं. बोलावताना अट एकच: स्वतःच्या गटाचा एक छापलेला पेपर घेऊन या, पुरवणी तक्त्यांसकट. नावनोंदणीतच त्या पेपरचा पबमेड क्रमांक मागून घ्या आणि प्रत्येकाचं सत्र आदल्या दिवशी तयार ठेवा.

पहिली १५ मिनिटं तुम्ही पडद्यावर एक पेपर भरून दाखवा, शक्यतो ज्यात काहीतरी अडतं असा. स्वच्छ उदाहरण दाखवलं की घरी गेल्यावर पहिल्याच अडथळ्याला लोक सोडून देतात. पुढची ५० मिनिटं प्रत्येकजण आपला पेपर भरतो, दोन माणसं फिरत राहतात. उरलेल्या वेळात अडलेल्या नोंदी सगळ्यांसमोर सोडवा. प्रमाणपत्र नोंद जमा झाल्यावरच. कडू वाटेल, पण याने सगळ्यात जास्त फरक पडतो.

वायफाय पंचवीस लॅपटॉपांखाली मान टाकतो, म्हणून जनुकांची यादी आणि पेपरांच्या पीडीएफ पेनड्राइव्हवर सोबत न्या, आणि फॉर्म मसुदा जपून ठेवणारा असू द्या. भाषेचं म्हणाल तर सांगताना मराठी, पडद्यावरचे शब्द जसे आहेत तसे. ‘ॲलील’ला प्रतिशब्द शोधत बसलात तर लोकांना फॉर्ममध्ये तो रकाना सापडत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं दुसऱ्या दिवशी. जमा झालेल्या नोंदी ४८ तासांत तपासून पानावर चढवा आणि त्या माणसाला त्याच्या नावासकट पानाचा दुवा पाठवा. तीन महिन्यांनी चढलेली नोंद कोणी बघायला येत नाही. कार्यशाळेच्या आठवड्यात क्युरेटरकडे दुसरं काम ठेवू नका.

---

पिपेटवाली

महाविद्यालयं विसरू नका. टेक्सास ए अँड एममधून सुरू झालेली काकाओ ही स्पर्धा बघा: विद्यार्थ्यांचे संघ पेपर वाचून जीओच्या नोंदी करतात, दुसऱ्या संघाच्या नोंदीला आव्हान देऊन चूक दाखवली की गुण मिळतात, आणि प्राध्यापक-क्युरेटर शेवटी निकाल देतात. आव्हानाचा भाग हवाच, त्यामुळे तपासणीचं निम्मं काम विद्यार्थीच करून टाकतात. आपल्याकडेही सीएसआयआरच्या खुल्या औषध-शोध प्रकल्पाने २०१० मध्ये ‘कनेक्ट टू डीकोड’मधून क्षयाच्या जिवाणूच्या जीनोमवर विद्यार्थ्यांकडून नोंदी करवून घेतल्या होत्या.

एम.एस्सी.च्या एका सत्राला, चारच्या गटाला पाच पेपर, एवढं पुरे. विद्यार्थ्याच्या नोंदीवर ‘विद्यार्थी, तपासलेली’ अशी खूण ठेवा आणि ऑर्किड काढायला पहिल्याच तासाला लावा.

आणि हो, प्रत्येक जनुकाच्या पानावर ‘इथे चूक आहे’ असं बटण द्या, जनुकाचा क्रमांक आपोआप भरलेलं. संपूर्ण फॉर्म कधीच न भरणारे ज्येष्ठ प्राध्यापक ते मात्र हमखास दाबतात.

---

थेट_प्रश्न

मोजणार काय, तेही आत्ताच ठरवा. किती जण कार्यशाळेला आले हा आकडा अहवालात टाका, पण त्यावर निर्णय घेऊ नका. महिन्याला चार गोष्टी लिहून ठेवा: पाठवलेल्या मेलांपैकी किती सत्रं पूर्ण झाली, त्यातली किती बदल न करता स्वीकारली, जमा झाल्यापासून पानावर यायला किती दिवस लागले (सरासरी नको, मधली संख्या घ्या), आणि दुसऱ्यांदा नोंद करणारे किती. दुसरा आकडा खाली आला तर फॉर्म बघा. तिसरा वर गेला तर पुढचे मेल थांबवा, आधी साचलेलं उपसा.